हौसाचा पाय

शनिवार-रविवारी उजाडायच्या टायमाला अजून कुणीतरी आमच्या अंगणात येऊन उभं राहतं. एक हात कंबरेवर, दुसरा भिंतीला, तोंड कसनुसं. बोलत मात्र नाही. बोलायचं नाही असा नेम आहे आणि तो लांबच्या गावांनाही ठाऊक आहे. मी चुलीपाशी चहा करत असतो. माणूस मला मानेनंच विचारतो, बाई कुठाय? मग मलाच तोंड उघडावं लागतं. "गेली ती." मागं उसाच्या ट्रॅक्टरवरचा एक ड्रायव्हर आला होता. गेली म्हटल्यावर त्याला वाटलं, रानात गेली. बिचाऱ्याला खाली बसता येईना, तर तसाच भिंतीला टेकून वाट बघत राहिला. चहा झाल्यावर त्याच्या हातात कप दिला आणि नीट सांगितलं. कप ठेवताना म्हणाला, "मग आता आमी कुनाकडं जायचं, तात्या?" मला काय ठाऊक.

ती म्हणजे हौसा, माझी बायको. पायाळू होती. मूल जन्मताना आधी डोकं येतं, हिचे पाय आधी आले. अशा माणसानं पाय लावला की पाठीत भरलेली उसण उतरते, असं आमच्याकडं मानतात. खरं का खोटं मला विचारू नका, मी चौथीत शाळा सोडलेला माणूस. वाकडी आलेली माणसं आमच्या अंगणातून सरळ होऊन जाताना मी बघितली. चार दिवसांनी तीच वाकडी होऊन परत आलेली पण बघितली. कारण गेल्या गेल्या ती परत पोती उचलायला, मोळ्या भरायला, नाहीतर पाटात फावडं मारायलाच जायची. हौसाचा पाय कामाला कसा पुरा पडणार?

ती निरवांगीची. बाप मेंढरं राखायचा. लग्न होऊन निमगाव केतकीला आमच्या वस्तीवर आली तेव्हा मेंढरं संपली होती, पण चालणं मेंढरांमागचंच होतं, लांब ढेंगांचं. मी बाजाराला निघालो की ती पुढं आणि मी मागं. लोक हसायचे. ती म्हणायची, "हसू द्या. तुमी पाय उचला."

पाय लावायचा तिचा नेम असा. शनिवार नाहीतर रविवार, उजाडताना, तिनं आणि आलेल्या माणसानं दोघांनी उपाशीपोटी. अंगणात पोतं टाकलेलं असायचं, त्यावर माणसानं पालथं पडायचं. ती डाव्या पायाचा अंगठा आणि चवडा दुखऱ्या जागेवर ठेवायची, हळूच दाबायची आणि वरून खाली ओढायची. तीन वेळा. पाय उचलेपर्यंत दोघांपैकी कुणी बोलायचं नाही. त्या कामाचं काही घ्यायचं नाही, सुपारीसुद्धा नाही. घेतलं तर पायातला गुण जातो म्हणे. पाय खाली टेकला की मात्र तिचं तोंड सुटायचं. सकाळपासून कोंडलेलं सगळं बाहेर.

गावातले एक मोठे बागायतदार होते, त्यांना आम्ही सगळे आण्णासाहेब म्हणायचो. त्यांच्या पाठीत उसण भरली. बाईमाणसाचा पाय लावून घ्यायची लाज, म्हणून डोक्यावरून टॉवेल घेऊन अंधुक उजेडात आले. पोत्यावर पालथे पडले. हौसानं मुकाट्यानं पाय लावला. झाल्यावर म्हणाली, "आण्णासाब, तोंड झाकलं तरी गाव तुमाला ढेरीवरनं वळखतंय. फुडल्या वेळी टावेल पोटाला बांधा." ते पोट धरून हसले, आणि हसता हसता कळलं की पाठ दुखत नाही.

पण एवढं बोलून ती त्यांच्या पायाशी वाकलीच. ते तिचं ठरलेलं होतं. वडीलधाऱ्या माणसाला पाय लावणं म्हणजे पाप. म्हणून आपल्याहून मोठं कुणी असलं की पाय लावून झाल्यावर लगेच वाकून नमस्कार करायचा, कपाळ त्यांच्या पायाला टेकवायचं. मग हिशोब फिटला, असं ती म्हणायची.

मला मात्र तिनं जन्मात कधी पाय लावला नाही. एकदा पाण्याच्या पाळीवर दारं धरताना, म्हणजे पाटाचं पाणी सरीत वळवताना, माझ्या पाठीत अशी भरली की मी पाटातच बसलो. लोकांनी उचलून घरी आणला. मी म्हटलं, "हौसे, लाव आता." ती कानावर हात ठेवून लांब सरकली. "नवऱ्याला पाय लावू? कुठल्या नरकात जाऊ मी?" म्हटलं, "मग नमस्कार कर की नंतर." म्हणाली, "नवऱ्याला लावलेला पाय नमस्कारानं फिटत न्हाय." विटा तापवून शेक दिला, निरगुडीचा पाला बांधला, माझ्याबरोबर जागी राहिली, रडलीसुद्धा. पाय काही दिला नाही. साऱ्या इंदापूर तालुक्याला फुकट औषध, आणि घरचा माणूस कण्हत पडलेला.

ती बायकांची टोळी घेऊन रोजगाराला जायची. नव्वद सालानंतर आमच्याकडं उक्तं काम वाढलं. उक्तं म्हणजे रोजावर नाही, सबंध वावराचं काम ठरवून घ्यायचं. लवकर उरकलं की दुसरं वावर गाठायचं. रोजावर बाई मधूनमधून उभी राहते, पाणी पिते, कुणाच्या तरी सुनेचा विषय काढते. उक्त्यात उभं कुणी राहत नाही. खुरपणीला एकेका बाईनं सरी धरून पुढं जायचं, त्याला पात म्हणतात. पुढची पात कायम हौसाची. तिच्या चालीनं बाकीच्या चालायच्या. कांदा लागणीला तर बसायचीही सोय नाही. वाफ्यात पाणी सोडलेलं, चिखल झालेला. कंबरेतून वाकायचं, एका हातात रोपाची जुडी, दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं रोप चिखलात दाबायचं. बांधावरून बघितलं तर बायकांची डोकी दिसायची नाहीत. नुसत्या पाठी दिसायच्या, ओळीनं.

वाफा संपला की हौसा कंबरेवर दोन्ही हात देऊन हळूहळू उभी राहायची आणि मोठ्यानं म्हणायची, "घडी मोडा गं बायांनो!" मग सगळ्या एकेक करून उभ्या राहायच्या. कुणी 'आई गं' म्हणायची, कुणी शिवी घालायची. हौसाची जोडीदारीण शेवंता शिव्यांत पटाईत. ती कांद्याच्या मालकाला, मालकाच्या बापाला आणि कांदा पहिल्यांदा ज्यानं खाल्ला त्याला शिव्या द्यायची.

पायाळू माणसावर वीज पडते असंही लोक मानतात. आभाळ गडगडलं की टोळीतल्या बाया बाभळीखाली जमायच्या आणि शेवंता ओरडायची, "ए पायाळू, तू तिकडं लांब बस, आमची लेकरं बारकी हायत!" हौसा खरंच लांब जाऊन बसायची, डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन. तिथून ओरडायची, "सोमवारी कंबर धरून याल की माझ्याकडं! तवा मी बी म्हनंन, लांब बसा!" आणि शेवंता म्हणायची, "सोमवारी न्हाय गं, शनवारी. तुझा नेम तूच इसारलीस."

तिचं दुखणं आधीपासूनच असणार. दुपारी भाकरी झाली की ती बांधावर उताणी पडायची आणि कंबरेखाली एक गोल दगड घ्यायची. मला वाटायचं, सवय आहे. तिनंही कधी शब्द काढला नाही. सगळ्यांना कळलं ते नमस्कारात.

एक म्हातारे आले होते, शेजारच्या वस्तीवरचे. पाय लावला. म्हातारे उठून उभे राहिले, खुशीत. हौसा त्यांच्या पायाशी वाकली, ती वाकलेलीच राहिली. म्हातारे म्हणाले, "औक्षवंत हो." ती उठेना. ते परत म्हणाले, "सुखी ऱ्हा पोरी. उठ आता." ती तशीच. तिसऱ्यांदा त्यांना काय आशीर्वाद द्यावा सुचेना. ते माझ्याकडं बघायला लागले. मग तिचा आवाज आला, जमिनीकडून आल्यासारखा. "आवं, मला धरा. घडी मोडंना."

मी आणि त्या म्हाताऱ्यानं दोन्हीकडून धरून तिला सरळ केली. तिच्या कपाळावर घाम. म्हातारा पुन्हा कंबर धरून बसला.

दुसऱ्या दिवशी ती रानात गेली. मी जाऊ नको म्हटलं, भांडलो. ती म्हणाली, "घरात बसून दुखतंयच की. रानात निदान शेवंता हाय." कंबरेला जुन्या लुगड्याची पट्टी आवळून बांधली आणि पुढची पात धरली. महिन्यातून एकदा अडकायची, मग आठवड्यातून, मग रोज. गावची पाठ बघणारी बाई, आता तिच्या पाठीला पायाळूचा पाय आणायचा कुठून? एका दुपारी बांधावर शेवंता म्हणाली, "दुसरा पायाळू कशाला पायजे? पाय तुझा, पाठ तुझी. पड पालथी." हौसा हसत हसत पडली. तिघी-चौघींनी तिचा डावा पाय मागं दुमडून वर ओढायला सुरुवात केली. मी वैरणीचा भारा घेऊन तिथंच टेकलो होतो. "आला, आला! अजून वीतभर!" "अगं टाच टेकली!" "टाच कुठं टेकली, बघ की, त्यो कंबरेखालचा डोंगूर हाय!" सगळ्या फिदीफिदी हसत होत्या, हौसा सगळ्यांत जास्त. आणि मधेच ती ओरडली. तसलं ओरडणं मी तिचं बाळंतपणातही ऐकलं नव्हतं. बायांनी पाय सोडला. शेवंतानं तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि पहिल्यांदाच तिच्या तोंडून शिवी निघाली नाही.

मी तिला बारामतीला डॉक्टरकडं नेली. माणूस चांगला होता. पाठीचा फोटो काढला, काचेवर लावून आम्हाला दाखवला. म्हणाला, मणके झिजलेत आणि त्यांच्यामधली गादी सरकलीय. हौसा माझ्याकडं बघून म्हणाली, "घरात गादी न्हाय म्हनून रडत होते, ती हितं हुती व्हय." डॉक्टर हसला. मग गंभीर झाला. वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, गोळ्या आणि पट्टा. "किती दिवस?" मी विचारलं. तो म्हणाला, "बाबा, कायमचंच." ती म्हणाली, "डाक्टर, मग कांदं उभ्यानं लावायचं का?" तो फोटो काचेवरून काढायला लागला. पुण्याला ऑपरेशन होतं म्हणाला, पण बरं वाटेलच अशी खात्री देत नाही म्हणाला. खोटं बोलला नाही, एवढं मी त्याचं मानतो.

पट्टा तिनं लुगड्यावरून बांधला आणि त्यातच कांदे लावले. चिखलानं तो दगडासारखा वाळला. आता खुंटीला आहे.

कुणीतरी सांगितलं, बारामतीजवळ कन्हेरीला एक गेनबा म्हणून म्हातारे आहेत, पायाळू आहेत. शनिवार बघून पहिल्या एसटीनं निघालो. चहा घेतला नाही, ती वाटेत कुणाशी बोलली नाही. कंडक्टरलाही मीच बोललो. म्हाताऱ्यांचं घर सापडलं. सून दारातच म्हणाली, "आबा हायत, पन..." आणि आत घेऊन गेली. गेनबा आबा बाजेवर पडले होते. उभा जन्म विहिरी खणण्यात गेलेला, कंबर कधीच गेली होती. उठता येत नव्हतं. मी सुनेला हळू आवाजात सांगितलं, "ही बी पायाळूच हाय, पन हिचीच पाठ गेलीया." म्हाताऱ्यांनी ते ऐकलं.

हौसा नेमाप्रमाणे न बोलता बाजेशेजारी जमिनीवर पालथी पडली. म्हाताऱ्यांनी तिच्याकडं बराच वेळ बघितलं. तेही बोलले नाहीत. मग बाजेच्या काठाला धरून, दमत दमत, ते स्वतःच पालथे झाले. एक बाजेवर, एक खाली. दोघं पालथी, दोघं गप्प, दोघं पायाची वाट बघत. सुनेनं तोंडाला पदर लावला. ती हसत होती का रडत होती, मला समजलं नाही.

शेवटी हौसाच उठली. बाजेच्या खुराला धरून गुडघ्यावर आली, मग उभी राहिली, आणि तिनं म्हाताऱ्यांच्या पाठीवर पाय ठेवला. तीन वेळा ओढला. म्हातारे उशीत तोंड खुपसून म्हणाले, "पोरी, जन्मभर म्या लावला गं. मला कुनी लावला न्हवता."

मग तिला नमस्कार करायचा होता. वाकायला गेली, अर्ध्यात थांबली, बाज धरली. ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे. तू बस. पाठ कर माझ्याकडं." ती बाजेला पाठ लावून खाली बसली. सुनेनं म्हाताऱ्यांना पुन्हा उताणं केलं, त्यांचा पाय उचलून बाजेवरून खाली सोडला आणि हौसाच्या पाठीला लावला. पाय नुसता थरथरत होता. दाब कसला तो.

"पडला का फरक?" म्हाताऱ्यांनी विचारलं.

"पडला की, आबा," ती म्हणाली.

परतीच्या गाडीत एका पोरानं जागा दिली, "मावशी, बसा." ती म्हणाली, "तूच बस राजा. मी बसले तर उठवायला कारखान्यावरची क्रेन आनावी लागंल." गाडीतली माणसं हसली. सगळी वाट वरच्या दांडीला धरून उभी राहिली. खड्डा आला की डोळे मिटायची. मी विचारलं, "खरंच पडला का फरक?" ती म्हणाली, "म्हाताऱ्याला पडला असंल."

त्यानंतरची दोन वर्षं ती आधी अंगणापर्यंत आणि मग बाजेपर्यंत राहिली. पाय बधिर होत गेले. लोक तरी यायचे. आता ते बाजेला पाठ लावून बसायचे आणि मी तिचा पाय उचलून लावायचो. कन्हेरीला बघून आलो होतो तसंच. माणूस मोठं असलं की ती पडल्या पडल्या हात जोडायची आणि म्हणायची, "उठले की करते नमस्कार. ऱ्हायला म्हना." शेवंता संध्याकाळी रानातून येऊन बाजेशी बसायची.

"फुडची पात कुनाकडं हाय?"

"कुनाकडं मंजी? म्या धरली. रिकामी सोडायची व्हय?"

"आन घडी मोडा कोन म्हनतं?"

शेवंता पदरानं हात पुसत राहिली. "कुनी न्हाय. जिची ती मोडती."

मी तिला रोज सकाळी उचलून उन्हात आणायचो, अंगणात दुसरी बाज टाकलेली होती तिच्यावर. बाई हलकी झाली होती, पण माझंही वय झालेलं. एके दिवशी तिला बाजेवर ठेवताना माझ्या पाठीत कचकन भरली. मी जिथं होतो तिथंच थांबलो. तोंडातून हूं काढलं नाही. पण तिनं आयुष्यभर तेच बघितलेलं.

"भरली का?"

"न्हाय."

"मला शिकवता? बसा खाली. पाठ करा हिकडं."

मी म्हटलं, "नरकात जाशील."

"जाईन तवा जाईन. बसा." मग जरा वेळानं, "आज वार कंचा?"

"शनवार. पन बोललो की आपुन. नेम मोडला."

"मोडू दे. पाय उचलंना माझा. तुमीच घ्या."

मी बाजेला पाठ लावून मातीत बसलो. हात मागं नेऊन चाचपडत तिचा डावा पाय धरला आणि माझ्या पाठीला लावला. तिच्या टाचांना भेगा असायच्या, उन्हाळ्यात त्यात चिखल वाळून बसायचा, अंथरुणात लागल्या तर ओरखडा उठायचा. आता तो पाय मऊ झाला होता. दोन वर्षं मातीला लागला नव्हता. मी तो वरून खाली ओढला. एकदा, दोनदा, तीनदा. लोकांना जसा लावायची तसाच.

"पडला का फरक?"

"पडला की," मी म्हणालो.

मला वाटलं तिचा डोळा लागला. मग बाज करकरली. ती कुशीवर व्हायला बघत होती.

"काय करतीस?"

"तुमचा नमस्कार ऱ्हायला."

"ऱ्हाऊ दे."

"ऱ्हाऊ दे कसा? दुसऱ्याचा ऱ्हायला तर चालंल. तुमचा कसा ऱ्हाऊ देऊ?"

तिचा हात बाजेवरून खाली आला आणि माझे पाय शोधायला लागला. माझ्या खांद्याला लागला, दंडाला लागला, पुढं पोचेना. माझे पाय समोर लांब पसरलेले होते. मला उठता येत नव्हतं, वळता येत नव्हतं, पाय जवळ ओढायला गेलो तर पाठीतून कळ डोक्यात जायची. शेवंता येईपर्यंत आम्ही दोघं तसेच होतो. ऊन बाजेखालून सरकत माझ्या पायांपर्यंत गेलं. तिचा हात मधेच लोंबत होता, बोटं पुढं केलेली.